नारिंगी टॅग

आमच्या वन्सं संगणकापुढे बसायच्या तेव्हा त्यांच्या मांडीवर साड्यांचा गठ्ठा असायचा.

वन्सं म्हणजे माझी नणंद, कुसुम. गणित शिकवून निवृत्त झाल्या, कुकटपल्लीला एकट्या राहतात. पण मध्यंतरी रोज मेट्रोनं चिक्कडपल्लीला आमच्याकडे यायच्या, पिशवीत साड्या घेऊन. कारण आमचे हे.

इथल्या मराठी मंडळाच्या वेबसाइटची पानं हेच लिहितात. मजकुराच्या आगेमागे कंसातल्या खुणा टाकाव्या लागतात, त्या म्हणजे टॅग. लिहायच्या खिडकीत, म्हणजे एडिटरमध्ये, ते वेगळ्या रंगात दिसतात, म्हणून चूक सापडते. यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला आणि टॅग नि मजकूर एकच दिसायला लागले. एकदा श्रद्धांजलीची चौकट बंद करायची राहिली आणि खालचं हळदीकुंकवाचं आमंत्रण काळ्या चौकटीत गेलं. सगळे हसले. हे हसले नाहीत. पुढच्या बैठकीत काम सोडतो म्हणाले आणि संगणकावर टॉवेल टाकला.

वन्संनी टॉवेल काढला. "दादा, सोडायचं नक्को. रंग बदलू. हल्लू हल्लू होईल, पण होईल."

एडिटरचे तयार रंग त्यांना आजारी माणसाच्या पेजेसारखे वाटले. त्यांना मोरपंखी हवा, डाळिंबी हवा. साडीचा पदर संगणकाच्या पडद्याला लावायचा आणि जुळेपर्यंत रंगाचे आकडे बदलत बसायचं. आमसुली काही केल्या जुळेना. सकाळी जुळला तो संध्याकाळी बिघडलेला. नववीच्या वर्गाला झापावं तसं त्यांनी संगणकाला झापलं. साडी धूपछाँव रेशमाची होती, उजेड फिरला की रंग फिरणारी. मला हे सकाळीच कळलं होतं. सांगितलं चहा झाल्यावर.

रंगातलं मला फार कळतं, हा माझा जुना समज. नवी नवरी असताना पोपटी नायलॉनची साडी, राणी रंगाचं ब्लाउज आणि वेणीत जांभळी रिबीन अशी मी मिरवत होते. लोक वळून बघायचे, म्हणजे मी काय दिसत असेन. वन्संनी शांतपणे विचारलं होतं, "वहिनी, यातलं आधी काय बघायचं?" आता तोच प्रश्न त्या पडद्याला विचारत होत्या.

रोज संध्याकाळी हाक. दादा, टॅग दाखव. हे बोट ठेवायचे ते भलतीकडेच, आणि उठून जायचे. मोरपंखी गेला, डाळिंबी गेला. वन्सं चिडल्या नाहीत, नुसत्या पुढची घडी मोडायच्या. मग अक्षरांमागचा पडदा काळा केला, मजकूर पांढरा आणि टॅग भडक नारिंगी. यांचं बोट पहिल्या टॅगवर पडलं, मग दुसऱ्यावर. वन्संना खुर्चीवरून उठवून हे लिहायलाच बसले. बैठकीत काम सोडायचा विषय निघाला नाही.

काम संपलं, तरी वन्सं येतच राहिल्या. आणि येतील तेव्हा नारिंगी साडी. माझी जीभ कुठली गप्प बसायला. म्हटलं, "वन्सं, सुलतान बाजारात सेल लागला होता की काय?"

चपला काढता काढता त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मागे मी दारात उभी होते. दादानं विचारलं, कोण पाहिजे."

मग त्या यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. यांनी मान वर केली.

"कुसुम, उन्हातून आलीस. आधी पाणी घे."