पटबैल डॉट कॉमचा मालक

चहाची बशी ओठाला लागते न लागते तोच खुशालराव अढाऊंना धारणीहून देवमनचा फोन आला. देवमन हा त्यांचा शंकरपटाच्या जमान्यातला सोबती. बैलजोड्या दौडवायच्या त्या पटावर दोघांनी उमेदीची वर्षं धुळीत मिळवली होती आणि त्याबद्दल दोघांनाही कधी वाईट वाटलं नव्हतं.

"खुशालराव, तुमच्या बैलाच्या जागी बाई येऊन राहिली," देवमन म्हणाला.

"कोन बाई?"

"मले काय मालूम? गोरी हाये. पोट कमी करा म्हन्ते."

खुशालरावांनी बशी खाली ठेवली. स्वयंपाकघरातून पार्वताबाईंनी मान बाहेर काढली. "कोनाची बाई?"

"इंटरनेटवरची," खुशालराव म्हणाले आणि टोपी शोधू लागले.

भानगड अशी होती. पट बंद पडत चालले तेव्हा खुशालरावांनी गावोगाव फिरून नामांकित बैलांचे फोटो जमवले होते आणि अकोल्याच्या नबीनं ते ‘पटबैल डॉट कॉम’ नावाच्या साईटवर चढवले होते. पुढं कापसाची ती वाईट वर्षं आली. कडबा परवडेना, भाड्याचे ट्रॅक्टर आले, दावणी रिकाम्या झाल्या. बैल गेले, पण फोटो राहिले. देवमनसारखी माणसं बाजाराच्या दिवशी कॅफेत जाऊन, तासाचं भाडं भरून, आपलाच विकलेला बैल डोळे भरून पाहून येत. दर्यापूर तालुक्यात कित्येकांना स्वतःच्या मुलाचा फोन नंबर पाठ नव्हता, पण पटबैल डॉट कॉम पाठ होतं.

नबीचा बाप पोळ्याच्या बाजारात बैलांच्या झुली विकायचा. नबीनं धंदा बदलून एस.टी. स्टँडजवळ कॅफे टाकला होता. दर्यापूरहून जीपनं आलेल्या खुशालरावांना त्यानं खुर्ची दिली.

"नावाचं दरसालचं भाडं भराचं राहून गेलं, काका. कंपनीनं पत्रं धाडली असतील, पन ज्या मेलवर धाडली त्याचा पासवर्ड मी भुललो."

"मंग आता ते नाव गेलं का?"

"गेलं नाई. आता थोडे दिवस कंपनी दाबून ठेवते अन् तवलोग त्या जागी जाहिरातीची बाई बसवते. दंड भरला तं आपल्याले सोडते. नाई तं बाजारात जाते, जो धरीन त्याचं."

"म्हंजे कोंडवाडा," खुशालराव म्हणाले. त्यांना एकदम सगळं समजलं. "मंग चाल, दंड भर, सोडव."

"ज्याच्या नावावर हाये त्यालेच सोडून देतेत, काका." नबीनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "अन् हे पाहा मालकाचं नाव."

मालकाच्या रकान्यात लिहिलं होतं: वजीर खुशालराव अढाऊ.

साईट काढली तो दिवस पोळ्याचा होता. पोळ्याच्या दिवशी घरात जे नवं येईल ते बैलाच्या नावानं, ही अढाऊंच्या घरची रीत. रेडिओ आला तो बैलाच्या नावानं, शिलाई मशीन आली ती बैलाच्या नावानं. तेव्हा ‘मालकाचं नाव?’ असं नबीनं विचारल्यावर खुशालरावांनी विचार न करता आपल्या पटाच्या बैलाचं, वजीरचं, नाव सांगितलं होतं. आणि नबीही पोळ्याच्या बाजारात वाढलेला, त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"फोन लाव कंपनीले," खुशालराव म्हणाले. "पन एक सांगतो. खोटं बोलाचं नाई. वजीरच्या नावानं मी आजलोग खोटं बोललो नाई."

"अन् बैल हाये म्हून सांगतलं तं? खोटा मालक लिवला म्हून नाव रद्द करतीन."

"त्यायनं इचारलं तं सांगू. आपून होऊन काहून सांगाचं?"

फोनवर रागिणी नावाची मुलगी आली. बोलणं अगदी इस्त्री केलेलं.

"वजीरसरांशी बोलता येईल का?"

"ते बोलत नाईत," खुशालराव म्हणाले.

"अरेरे. आजारी आहेत का?"

"नाई, तब्येत चांगली होती. बोलाची सवयच नाई."

"आपण त्यांचे कोण?"

"लहानपनापासून मीच सांभायलं."

रागिणीचा आवाज मऊ झाला. "काही हरकत नाही, काका. त्यांचं ओळखपत्र पाठवा. नाव, फोटो आणि क्रमांक हवा. सही करतात ना?"

"सही नाई. पाय उमटवतेत."

"अंगठा चालेल," रागिणी म्हणाली.

ओळखपत्र होतं. वजीरचा विमा उतरवला तेव्हा जनावरांच्या डॉक्टरनं त्याच्या कानात बिल्ला ठोकला होता आणि इंग्रजीत दाखला दिला होता. त्यात नाव होतं, बिल्ल्याचा क्रमांक होता, गोल शिक्का होता, फोटोही होता. फोटो मात्र डॉक्टरच्या झेरॉक्सनं असा काळा केला होता की त्यात वजीर की खुद्द डॉक्टर, हे सांगणं कठीण होतं. नबीनं तो पाठवला. उत्तर आलं की नाव जुळलं, क्रमांक मिळाला, परंतु फोटो अस्पष्ट आहे. मालकानं क्रमांक दिसेल असा ताजा फोटो पाठवावा.

आता वजीर होता शेंदूरजनाघाटला. दोन पोळ्यांमागं खुशालरावांनी तो तिथल्या गजेंद्र नावाच्या बागाईतदाराला विकला होता. विकला त्या दिवसापासून त्या वाटेला ते फिरकले नव्हते. लग्नाची निमंत्रणं आली तरी पार्वताबाईंना एकटीला पाठवायचे. पण आता इलाज नव्हता. पार्वताबाईंनी सरकीच्या ढेपीची पिशवी घेतली, नबीनं कॅमेरा घेतला आणि तिघं अमरावतीवरून शेंदूरजनाघाटला पोचले.

गजेंद्रनं आपल्या सालदाराला, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, पाणी आणायला सांगितलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "काका, बैल माहा हाये ना? मंग बैलाची साईट कोनाची झाली?"

नबीच्या हातातला कॅमेरा घसरला. खुशालराव पांढरे पडले. हा मुद्दा कंपनीच्याही लक्षात आला नव्हता.

"गजेंद्र," पार्वताबाई शांतपणे म्हणाल्या, "बैल दिला तवा दावं दिलं होतं का आमी?"

"नाई. दावं कोन देते? दावं तं इकनारा ठेवून घेते."

"हां. मंग हे साईट दावंच समज."

गजेंद्रनं डोकं खाजवलं. बैल विकताना गळ्यातलं दावं द्यायचं नाही, हे त्याच्या बापानंही पाळलं होतं. "हाव, काकू, मंग ते तुमचंच," तो म्हणाला आणि त्यांना बागेत घेऊन गेला.

संत्र्याच्या झाडाखाली वजीर उभा होता. अंगानं सुटला होता. त्यानं खुशालरावांकडे पाहिलं, मग ढेपीच्या पिशवीकडे पाहिलं आणि पिशवीकडेच पाहत राहिला.

"ओयखलं नाई तुमाले," गजेंद्र म्हणाला.

"मोठा मानूस झाला तो," खुशालराव म्हणाले. त्यांचा हात मात्र त्याच्या खांद्यावरच्या जुवाच्या घट्ट्यावरून फिरत राहिला. तो अजून तसाच होता.

अडचण अशी आली की वजीर कान पाडून उभा होता आणि बिल्ला दिसत नव्हता. नबीनं टाळ्या वाजवल्या, गजेंद्रनं शीळ घातली, पार्वताबाईंनी त्याला चांगल्या शब्दांत समजावलं. वजीर ढेप खात राहिला.

तेव्हा खुशालरावांनी त्याची दोरी हातात घेतली आणि पटावर घालायचे तशी, पण हळूच, ओठातल्या ओठात एक आरोळी घातली. वजीरचे दोन्ही कान ताठ उभे राहिले. नबीनं बटन दाबलं आणि पुढंही दाबतच राहिला. त्यापुढचं कुणाच्या हातात नव्हतं. वजीर मान खाली घालून सुटला तो थेट बांधापर्यंत. मागं दोरीला लटकलेले खुशालराव, टोपी एका झाडाला, चप्पल दुसऱ्या झाडाखाली. पार्वताबाई धावत पोचल्या तर ते चिखलात बसून हसत होते. एवढं हसताना त्यांना दोन वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

"लागलं का कुठी?"

"अवं, सुटला कसा पाह्यलं का? एकदम झेंडी पडल्यावानी."

बिल्ला सर्वांत स्वच्छ आलेला, धावतानाचा फोटो गेला, दंडही भरला. उत्तर यायला वेळ लागला. खुशालराव रोज अकोल्याला जाऊन बसू लागले. कंपनीत तो फोटो किती टेबलांवरून फिरला असेल, कोण हसलं असेल, कोण नाही, याची नबी चिंता करत राहिला. शेवटी रागिणीचं पत्र आलं. नबीनं ते मराठी करून वाचलं.

"श्री. वजीर यांचं नाव नोंदीशी आणि फोटोतला क्रमांक ओळखपत्राशी जुळला आहे. पटबैल डॉट कॉम त्यांना परत देण्यात आलं आहे. त्यांची तब्येत उत्तम दिसते."

खुशालरावांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसला.

"खाली अजून हाये, काका. नोंद पुरी करासाठी म्हून इचारते: फोटोत मालकाच्या मागं दोरी धरून धावणारे गृहस्थ कोण? मालकाशी त्यांचं नातं कळवावं." नबीनं कीबोर्ड जवळ ओढला. "काय लिवू?"

खुशालरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बराच विचार केला.

"लिव," ते म्हणाले, "सालदार."