पश्चिमेची खिडकी

मनुष्य कोठेही गेला तरी आपले हवामान सोबत घेऊन जातो, ही गोष्ट हवामानशास्त्राच्या पुस्तकांत अद्याप आलेली नाही. ती यावी म्हणून अमरावतीच्या साईनगरातले निवृत्त दिवाणी वकील उद्धवराव यांनी जे कार्य केले, त्याची नोंद घेणे हे आपले कर्तव्य आहे.

उद्धवरावांनी कोकणात, दापोलीच्या पुढच्या एका गावात, अगदी समुद्रालगत एक जुने कौलारू घर घेतले. घेतले ते पत्नीसाठी. चारुशीलाबाईंनी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला. बाहेर एप्रिलचे ऊन आणि वर्गातला पंखा फिरल्यासारखे करतोय, अशा अवस्थेत त्यांनी फळ्यावर खडूने भरती-ओहोटी काढली आणि वऱ्हाडातल्या कैक मुलांना समुद्र समजावून सांगितला. प्रत्यक्षात तो त्यांनी फक्त शाळेच्या सहलीत पाहिला होता, आणि तेव्हाही सगळा वेळ मुलांची डोकी मोजण्यात गेला. निवृत्त झाल्या त्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला काही नको. एक खिडकी पाहिजे फक्त. संध्याकाळचा चहा घेता घेता समुद्र दिसावा, बस." उद्धवरावांच्या डोळ्यांत पाणी आले. (हे ते मान्य करणार नाहीत. वकील आहेत.)

घर दुरुस्तीला आले होते. दुरुस्तीचे नियोजन भर मे महिन्यात, अमरावतीत, दुपारी, पडदे ओढून आणि कूलर लावून पार पडले. समुद्राकाठच्या घराचे नियोजन समुद्रापासून लांब बसून करण्याचा फायदा असा, की तिथली हवा निर्णयात ढवळाढवळ करत नाही.

नियोजन समितीत तीन सदस्य होते. अध्यक्ष उद्धवराव. दुसरे त्यांचे बालमित्र पंजाबराव, अंजनगाव सुर्जीकडे केळी आणि भाजीपाला पिकवणारे (समुद्राचा अनुभव : नाही). तिसरे अकोल्याचे भगवंत मिस्त्री, ज्यांनी उद्धवरावांचे साईनगरातले घर बांधले होते (समुद्राचा अनुभव : नाही, पण ऐकून आहेत). गावातला एक कोकणी ठेकेदार विचाराधीन होता. परंतु तो फोनवर सारखे "पाऊस फार असतो हो इथे" असे म्हणे. ज्याचा स्वभाव मुळातच नकारात्मक, त्याच्या हाती घर कसे द्यायचे, म्हणून त्याचे नाव गळले.

पहिला ठराव छपराचा. कौले काढून सपाट स्लॅब टाकावा, असे एकमताने ठरले. कारण उतरत्या कौलांवर कुरडया, सरगुंडे आणि मुगवड्या कशा वाळत घालणार, याचे उत्तर कोकणातल्या कोणाकडेही नव्हते. (त्यांना कोणी विचारले नव्हते, पण उत्तर असते तर दिसले असते.) दुसरा ठराव पाण्याच्या टाकीचा. तिथे विहिरीला बारमाही पाणी आहे, असे चारुशीलाबाईंनी चहा देता देता सांगितले.

"हाय ना," भगवंत म्हणाले, "पन उद्याचं कोनं पायलं?"

आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या अकोल्याचा माणूस टाकीबद्दल बोलला, की कोणी वाद घालत नाही. टाकी स्वयंपाकघरापेक्षा मोठी ठरली.

मग पश्चिमेच्या खिडकीचा विषय निघाला, आणि समितीने चहाचे कप खाली ठेवले. वऱ्हाडात पश्चिमेला खिडकी ठेवणारा माणूस एक तर भाडेकरू असतो किंवा नवखा. दुपारनंतरचे ऊन तिकडून आत येते आणि रात्री उशिरापर्यंत भिंतीतून निघत नाही. एका घरगुती पाहणीनुसार (पाहणी करणारे : एक, म्हणजे पंजाबराव) माणसाच्या डोकेदुखीपैकी ऐंशी टक्के पश्चिमेकडून येते.

"पश्चिमेकून खिडकी?" पंजाबराव म्हणाले. "काहून बाप्पा? वयनीचं डोकं दुखवाचं हाय का?"

"समुद्र पश्चिमेला आहे," चारुशीलाबाई म्हणाल्या. भूगोलाच्या होत्या, तेव्हा हे अधिकृत मानायला हरकत नव्हती.

पंजाबरावांनी विचार केला. त्यांना वहिनींबद्दल खरोखर आदर होता. "त्याले आता आपुन काय करता," ते म्हणाले. "समुद्र आपल्या जागी हाय. पन ऊनबी तिकूनच येऊन राह्यलं ना."

उद्धवराव मोठ्या पेचात सापडले. बायकोला खिडकी द्यायची होती, ती मनापासून द्यायची होती. पण याच बायकोचे कपाळ उन्हाने ठणकते हेही त्यांना ठाऊक होते. कितीतरी उन्हाळे ती शाळेतून यायच्या आत कोर्टातून घाई करून घरी येऊन त्यांनी पश्चिमेचे दार ओढून घेतले होते, पडद्यावर पाणी मारले होते आणि त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. त्यांना येत असलेले प्रेम हेच होते, आणि ते दार बंद करूनच करता येत असे.

सबब खिडकी मंजूर झाली, परंतु योग्य त्या संरक्षणासह. प्रथम तिच्यावर रुंद छज्जा आला. छज्जा आला म्हणून खिडकीची उंची कमी झाली. उरलेल्या उन्हासाठी आतून खसची ताटी आली. तेवढ्यात भगवंतांनी तिकडून, कामावरून फोन केला, की सगळं झालं, पण कूलर कुठं बसवायचा?

हा प्रश्न समितीच्या नजरेतून कसा निसटला, हे आजही कोडे आहे. कूलरला मोकळी हवा लागते. बाकी तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांची कुंपणे. मोकळी हवा फक्त एकाच बाजूला होती, आणि ती अगदी भरपूर होती.

"मंग तिथंच बसवू का?" भगवंतांनी विचारले.

"बसवा," उद्धवराव म्हणाले. "नाहीतरी खिडकी आहेच."

पुढच्या मे महिन्यात वास्तुशांत झाली. घर पाहून पाहुण्यांना साईनगरात आल्यासारखे वाटले, आणि याहून मोठी पावती ती कोणती. चारुशीलाबाई सगळ्या खोल्या फिरल्या. मग पश्चिमेच्या भिंतीपाशी येऊन थांबल्या. खिडकीच्या पूर्ण चौकटीत कूलर बसला होता आणि घरघरत होता. मूळच्या दमट हवेत तो आणखी पाणी मिसळत होता, त्यामुळे भिंत घामेजली होती. आठवडाभर आधी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया रोज उलटवूनही रोज अधिक ओल्या होत होत्या. (उद्धवरावांच्या मते तिथले ऊन कच्चे आहे.)

"माझी खिडकी?" त्यांनी विचारले.

"ही काय," उद्धवराव म्हणाले. "समुद्राचीच हवा येऊन राहिली आहे त्यातून."

चारुशीलाबाईंनी चहाचा कप उचलला, प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि मागच्या दाराने बाहेर जाऊन वाळूच्या कडेला बसल्या. समोर समुद्र होता. भरती होती की ओहोटी, हे त्यांना बघताक्षणी कळले. आज मोजायला मुले नव्हती.

थोड्या वेळाने उद्धवराव बाहेर आले. त्यांनी तिच्या डोक्यावर ओला दुपट्टा टाकला, आपली खुर्ची शेजारी लावली आणि बसले. वारा छान होता. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा त्यांना मनापासून वाईट वाटले, की हे आपण आपल्या हाताने भिंतीआड घातले. त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"चारू," ते म्हणाले, "इथे फार छान वाटते. भगवंतला सांगून इथे एक पत्र्याचे शेड टाकून घेऊ. तिन्ही बाजूंनी बंद, घराकडून उघडे."

वाचकांना या ठिकाणी हसू येणे साहजिक आहे. येऊ द्यावे. मात्र हसून झाल्यावर, फ्लॅट बुक करताना ज्या बाल्कनीत उभे राहून आपण "इथे रोज चहा घ्यायचा" असे म्हणाला होतात, तिथवर एकदा जाऊन यावे. काचा लावून ती खोलीत घेतली असेल, तर काच सरकवून पाहावी. सरकेल. आधी वॉशिंग मशीन हलवावे लागेल, इतकेच.