मिर्झोहिद समजूत काढायला जातो

"माणूस भावनांचा नोकर नाही, मालक आहे!"

कोकंदच्या बिस्कीट कारखान्यातल्या जेवणघरात मिर्झोहिदने हे वाक्य टाकलं आणि टाळ्यांसाठी थांबला. टाळ्या आल्या नाहीत. भावनांच्या या मालकाच्या डाव्या पायात बायकोची फुलाफुलांची निळी चप्पल होती, आणि समोरची सगळी मंडळी तिच्याकडे टक लावून पाहत होती.

त्याला कारणही तसंच होतं. सकाळी तो उठला तेव्हा घरात त्याची बायको हुलकर नव्हती. तिचा रेशमी झगा खुंटीवर नव्हता. फोन मात्र चार्जिंगला लावलेला तसाच पडला होता. तो भांबावून, मिळेल ती चप्पल पायात सरकवून अंगणात आला, तर शेजारच्या मुहब्बत-ओपा झाडलोट करत होत्या.

"माहेरी गेली रे ती. भल्या पहाटे. हातात बोचकं होतं."

"काही बोलली का, ओपा?"

"मला कशाला बोलेल? नवरा तू आहेस ना?"

कोकंदमध्ये बायको बोचकं घेऊन पहाटे माहेरी जाते तेव्हा त्याचा एकच अर्थ असतो. अशा वेळी नवऱ्याने सासुरवाडीला फोन करायचा नसतो, एकट्याने जायचंही नसतं. कुणीतरी वजनदार माणूस पुढे घालायचा, आपण मागून मान खाली घालून चालायचं, आणि सासऱ्याच्या उंबऱ्यावर जे काही ऐकून घ्यावं लागेल ते ऐकून घ्यायचं.

हुलकर का रुसली असेल, हे शोधायला मिर्झोहिदला फार लांब जावं लागलं नाही. आरशापर्यंत गेलं तरी पुरे होतं. पूर्वी तो पॅकिंग विभागात होता आणि बरा माणूस होता. मग कारखान्याने त्याला ताश्कंदला एका शिबिराला धाडलं. कामगारांच्या मनाची काळजी घेणारा अधिकारी होऊन तो परतला आणि तेव्हापासून घरातही माणसासारखं बोलेनासा झाला. नळ गळतोय असं हुलकर म्हणाली की तो डोळे मिटून, आवाज खाली आणून म्हणायचा, "मला तुझी भावना समजते." नळ गळतच राहायचा.

काल रात्रीसुद्धा ती दारात उभी राहून बराच वेळ काहीतरी सांगत होती. तो आजच्या व्याख्यानाची तयारी करत होता. विषय होता, 'जोडीदाराचं ऐकावं कसं'. त्याने मान वर न करता तिची भावना दोनदा समजून घेतली होती. आता मात्र तिचा एक शब्द आठवेल तर शपथ!

व्याख्यानाच्या मधल्या सुट्टीत चहा आला. पहिल्या रांगेत कारखान्याचे मोठे साहेब, तोशपुलात-अका बसले होते. वक्त्याने त्यांना स्वतःच्या हाताने चहा द्यावा ही रीत. मिर्झोहिदने किटली उचलली. डोळ्यांसमोर हुलकर, कानात मुहब्बत-ओपांचा झाडू. तो ओतत राहिला. पेला काठोकाठ भरला, वरून सांडला, बशीतही तळं झालं.

मानाच्या पाहुण्याच्या पेल्यात चहा घोटभरच घालतात, म्हणजे पुन्हा पुन्हा वाढायला मिळतं. काठोकाठ भरलेला पेला म्हणजे, एवढा प्या आणि उठा.

तोशपुलात-अकांनी पेल्याकडे पाहिलं, मग मिर्झोहिदकडे पाहिलं.

"कारखाना मी चालवतो, चहा कारखान्याचा, आणि निघायचं मी?" एवढं बोलून ते खरोखरच निघाले.

पॅकिंगमधला जुना दोस्त एर्किन धावत आला. "शाबास, पठ्ठ्या! सरळ हाकललंस की! ताश्कंदला मोठ्या जागी लागलास वाटतं? आमच्याकडे लक्ष असू दे बरं का."

"अरे, हात घसरला!"

"असू दे, असू दे. मोठी माणसं असंच म्हणतात."

साहेबांच्या खोलीपर्यंत पोहोचेस्तोवर वाटेत तिघांनी त्याचं अभिनंदन केलं, आणि एका बाईने भावाच्या नोकरीचंही सुचवून ठेवलं. मिर्झोहिदने एर्किनकरवी नवी किटली मागवली. आता चूक व्हायला नको म्हणून त्याने अकांच्या पेल्यात इतका बेताने चहा घातला, की पेल्याचा फक्त तळ ओला झाला.

"आता टिंगल करतोस?" अका म्हणाले.

"नाही हो अका! चुकलो."

"चुकलास कसा? तूच शिकवतोस ना, मनात असतं तेच हातून बाहेर येतं म्हणून? मग काय आहे तुझ्या मनात? माझी खुर्ची?"

मिर्झोहिदने एक खोल श्वास घेतला. शिबिरात शिकवल्याप्रमाणे तो हळूहळू सोडायचा होता. तो हुंदका होऊन एकदम सुटला.

"अका, बायको माहेरी गेली!"

तोशपुलात-अकांचा राग क्षणात मावळला आणि चेहऱ्यावर चक्क तेज चढलं. कारखाना चालवणं ही त्यांची नोकरी होती, पण रुसलेल्या सुना परत आणणं हा खरा छंद होता. बरेच दिवस हाताला तसं काम लागलं नव्हतं.

"आधी नाही सांगायचं, गाढवा? माझी टोपी दे. एर्किन, गाडी काढ! बिस्किटांचा मोठा डबा घे, चांगल्यातला. आणि तू मध्ये तोंड उघडायचं नाहीस. बोलायचं काम माझं."

गाडीत त्यांनी मिर्झोहिदकडून त्याचे सगळे गुन्हे वदवून घेतले.

ते सासऱ्यांच्या गल्लीत शिरले तेव्हा दिवस कलला होता. फाटक सताड उघडं होतं. आत लांबलचक टेबल मांडलेलं, दोन्ही बाजूंनी सारे पुरुष बसलेले, आणि प्रत्येकाच्या हातात चाकू.

मिर्झोहिद फाटकातच थबकला. "अका, चाकू आहेत."

"भितोस काय? मी आहे ना," असं म्हणत अका त्याच्या मागे सरकले, आणि त्याच्या खांद्यावरून, डोळे मिटून, त्यांनी आवाज लावला. "अब्दुवोहिद-अका! या मूर्खाने तुमच्या मुलीचं मन दुखावलंय! तो घरात ऐकत नाही! नळ दुरुस्त करत नाही! त्याला पदरात घ्या, आणि आमची सून आम्हाला परत द्या!"

चाकू थांबले. त्या शांततेत मिर्झोहिदला टेबलाच्या मधोमध केशरी डोंगर दिसला. गाजरं. उद्या सकाळच्या लग्नाच्या पुलावाची गाजरं. आणि मग काल रात्रीची हुलकर त्याला शब्दन्‌शब्द ऐकू यायला लागली. माझ्या भाच्याचं लग्न आहे, मी पहाटेच गाजरं सोलायला जाते, तुम्ही संध्याकाळी चिरायला या, जरा वेळेवर या.

"अका, बस करा," तो पुटपुटला.

"तो रात्र रात्र रडतो!" अका आता रंगात आले होते. "माझ्यासमोर रडला!"

"पोरी," सासरे आत वळून म्हणाले, "तू रुसून आलीस? मग मला का नाही बोललीस?"

रेशमी झगा घातलेली हुलकर सोललेल्या गाजरांची टोपली घेऊन दारात उभी होती. "बाबा, मी कामाला आलेय! कोण रुसलंय?"

"नळ कुठला, न्हाणीतला?" टेबलाच्या टोकावरून एक म्हातारबुवा आस्थेने विचारते झाले.

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं अंगण हसलं. एकटी हुलकर हसली नाही. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सकाळपासून जो राग मिर्झोहिद मनातल्या मनात बघत होता, तो आत्ता कुठे खरा, ताजा ताजा तिच्या चेहऱ्यावर चढत होता. वर त्याला साऱ्या मोहल्ल्याची साक्ष होती. ती टोपली घेऊन सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

शिबिरातलं एकही वाक्य त्याच्या तोंडाशी आलं नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"बोल," तो म्हणाला. "मी ऐकतोय. खरंच."

तोशपुलात-अकांनी डोळे उघडले. हुलकरने टोपली एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतली.

"जरा बाजूला सरका," ती म्हणाली. "टोपली जड आहे."