घडीच्या पानावरचा चेहरा

जावई बायकांचे पाय जेवणाच्या टेबलावर वाळत घालतो, ही लुडमिलाबाई हृश्कांची तक्रार. पाय कागदावर रंगवलेले असले म्हणून काय झालं? ते सुकेस्तोवर घराने सूप उभ्यानेच प्यायचं! शिकागोतले बाकीचे जावई लढाईवर. लेस्टर तेवढा सपाट तळव्यांपायी सैन्याने परत पाठवलेला. मग देशसेवा म्हणून स्वारी मासिकात तोकड्या कपड्यांतल्या पोरी काढायची आणि सैनिक त्या बराकीत टाचायचे. हिटलर घाबरलाच असणार!

बाई चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. हेच मासिक कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने विकू नये म्हणून मंडळ सह्या गोळा करत होतं. लेस्टर टोपणनावाने चितारायचा, म्हणून बाईंची खुर्ची शाबूत होती.

त्या मंगळवारी बैठक बाईंकडेच होती. वोंड्राकबाईंनी पुरावा म्हणून ताजा अंक आणला आणि मधलं घडीचं पान उलगडलं. शिडीवर एक पोरगी, झगा खिळ्यात अडकलेला. चेहरा बघून लुडमिलाबाईंच्या हातातला कोलाचेचा गोड पाव बशीत पडला. पियानोवरच्या फ्रेममधला त्यांचाच चेहरा, अठराव्या वर्षीचा!

त्या तडक स्वयंपाकघरात लेस्टरकडे गेल्या. "मेल्या, हे काय?"

"आई, चित्रासाठी उभी राहणारी मॉडेल आता बॉम्बच्या कारखान्यात लागली," लेस्टर पुटपुटला. "पाय ब्लांशचे घेतले, हात शेजारणीचे. आमच्या धंद्यात असंच जोडतात. चेहरा तेवढा अडला होता."

"बायकोचे पाय? आणि सासूचं तोंड?"

"तसा चेहरा आता मिळतो कुठे, आई?"

बाई बाहेर आल्या, तर वोंड्राकबाई पानावर ओणव्या. "बायांनो, ही तर मी! लग्नाआधीची. खळी बघा ना!"

"अगं, हो की!" बाया म्हणाल्या.

"सह्यांचं जरा राहू द्या," वोंड्राकबाई लाजल्या. "चित्र तसं सोज्वळच आहे."

गप्प बसलं की अब्रूही वाचत होती, खुर्चीही. पण वोंड्राकबाईला अठराव्या वर्षी खळी सोडा, हनुवटीसुद्धा नव्हती!

"लेस्टर! बाहेर ये. हे चित्र तूच काढलंस ना? सांग यांना, चेहरा कोणाचा?"

लेस्टर पांढराफटक पडला. "आईंचा."

पुढच्या पाच मिनिटांत मंडळाला नवी अध्यक्षा मिळाली, हनुवटीशिवायची. बाया टोप्या सावरत निघाल्या. वोंड्राकबाईंनी पुरावा तेवढा पर्समध्ये घातला.

लुडमिलाबाई जावयाकडे वळल्या. "लेस्टर, तू निर्लज्ज आहेस, ऐदी आहेस, आणि तुझ्या बोटांना डोळे आहेत. पुन्हा माझा चेहरा काढलास तर खाली माझं नाव घाल. ठळक. आंधळ्यांची वस्ती आहे ही."