हरणीचं पासिंग

आमच्या सोसायटीतले सोपानतात्या कुणी भेटलं की नमस्कार करत नाहीत. "माग लागला का?" असं विचारतात. कुरिअर हरवलेल्याला, मुलीला स्थळ बघणाऱ्याला, नोकरी गेलेल्याला, सगळ्यांना हा एकच प्रश्न. मी नवा राहायला आलो तेव्हा लिफ्टमध्ये त्यांनी मलाही तेच विचारलं आणि मी घाबरून खिशातलं पाकीट चाचपलं. माग काढणं म्हणजे पळालेल्या जनावराचा पावलांवरून, वासावरून शोध घेणं, हे मला पुढे कळलं.

तात्या इथल्या मातीतले. अगदी शब्दशः, कारण आमची बी-विंग उभी आहे ती माती त्यांची. तळवडे आणि चाकणच्या मध्ये त्यांचं शेत होतं, शेताला लागून माळ होता, आणि माळावर ससे होते. तरुणपणी तात्या कारवानी कुत्री घेऊन सशांच्या मागे धावले. मग शिकारबंदीचा कायदा आला, मग कंपन्या आल्या, आणि ससे संपले. "आता माळावर ससा न्हाई, सिक्युरिटी हाय," असं तात्या म्हणतात. शेताच्या बदल्यात त्यांना तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. तात्यांची बायको, म्हणजे काकू, त्याच फ्लॅटमध्ये वारल्या. उरली हरणी.

हरणी ही कारवानी कुत्री. लांब तोंड, पोट पाठीला चिकटलेलं, पाय नुसत्या काड्या. बघणाऱ्याला वाटतं, हिला कुणी खायला घालत नाही. चेअरमनच्या बायकोने एकदा दया येऊन तिच्यापुढे बिस्किटं टाकली. हरणीने वास घेतला आणि तोंड फिरवलं. त्या दिवसापासून चेअरमनच्या घराने या मुक्या जनावराशी वैर धरलं आहे, आणि आमच्या चेअरमनांना पाण्याच्या टाकीपेक्षा वैर सांभाळणं जास्त जमतं.

तात्यांचा मुलगा विलास वाकडला राहतो. त्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे आणि कुठला ट्रक कुठे उभा आहे हे त्याला मोबाइलवर दिसतं. तात्यांनी त्याच्याकडे एक ट्रॅकर मागितला. "कुत्री सुटली तर माग कसा काढू? गुडघं गेलं माझं." विलासने ट्रकचाच एक ट्रॅकर पट्ट्यात बसवून दिला आणि हरणीला आपल्या ट्रकांच्या यादीत शेवटची गाडी म्हणून चढवलं. यंत्राला बिचाऱ्याला कुत्रं ठाऊक नाही. त्यामुळे हरणी झोपली की विलासला मेसेज जायचा, 'आपले वाहन बराच वेळ उभे आहे.' हायवेचा पूल ओलांडला की, 'आपले वाहन हद्दीबाहेर गेले आहे.' मग विलासचा फोन येई आणि तात्या तो स्पीकरवर टाकून सगळ्या पार्किंगला ऐकवत.

"तात्या, परत सुटलं का ते कुत्रं? मी कामं सोडून हेच बघत बसू का?"

"सापडंल की. तू जेवला का?"

"माग काढा आधी तिचा!"

"काढतो, काढतो. बारकी शाळेत जाती का?"

एवढ्यात फोन कट व्हायचा. तात्या दिवसभर खुशीत असायचे.

एकदा 'वाहन ओव्हरस्पीड' असा मेसेज आला, तेव्हा तात्यांनी पेढे वाटले. "ह्या वयात बघा, ह्या वयात!" आम्हीही हरणीची पाठ थोपटली. नंतर इस्त्रीवाल्याने सांगितलं की त्या वेळी तात्या आणि हरणी आळंदीच्या रिक्षात बसले होते. सगळे पोट धरून हसले. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, खोट काढण्यावर माझं पोट चालतं. मला हसता हसता खटकलं. जी कुत्री दिवसभर गॅलरीत लोळते, जी तात्यांच्या धोतरापासून हातभर हलत नाही, ती नेमकी दर रविवारी सुटते कशी?

मग तो उपद्व्याप झाला. एका रविवारी तात्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'हरणी डोंगराखाली सापडली. घेऊन येतोय.' नव्या भाडेकरूंनी हरणाचे इमोजी टाकले. चेअरमनांना हरणी कोण हे पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी तो मेसेज वनखात्याकडे पाठवला, वर 'शिकारीचा संशय' असं लिहून. शिकलेल्या माणसाचा दुष्टपणा नेहमी असा शुद्ध भाषेत असतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वनरक्षक तात्यांच्या दारात हजर. आवाज ऐकून मीही गेलो.

"हरीण कुठंय?"

"हरीण न्हाई सायेब, हरणी."

"मादी आहे? मग तर केस आणखी मोठी!"

तात्यांनी आत हाक मारली. हरणी आळस देत बाहेर आली आणि वनरक्षकाच्या बुटावर डोकं ठेवून आडवी झाली. तो ओशाळला, पण रिकाम्या हाताने जायचं कसं? त्याची नजर पट्ट्यावर गेली.

"शिकारी जातीचं कुत्रं आणि त्याला ट्रॅकर. हेतू काय यामागे?"

"हरवू नये, यवढाच."

"याला नियम काय आहे?" मी मध्येच विचारलं.

तो प्रामाणिक माणूस होता. बराच विचार करून म्हणाला, "नियम अजून माझ्या तरी पाहण्यात नाही. पण नियम नाही म्हणजे परवानगी आहे, असंही नाही." तो चहा पिऊन गेला. त्याचं वाक्य मात्र चेअरमनांनी उचललं.

आठवड्याच्या आत मीटिंग बोलावली. ठराव असा: सोसायटीत शिकारी जातीच्या श्वानास माग काढण्याचे इलेक्ट्रॉनिक यंत्र लावता येणार नाही. ज्यांच्या पोरांच्या मनगटावर ट्रॅकरची घड्याळं आहेत, ते आईबाप माना डोलावत होते. समोर बसलेला आयटीतला एक जण मोबाइलवर आपलं पनीर कुठल्या सिग्नलला पोचलं ते बघत होता, आणि बघता बघताच त्याने ठरावाला हात वर केला.

तात्या उभे राहिले. मी त्यांना असं हात जोडताना कधी पाहिलं नव्हतं.

"नियम करा की. कडक करा. पट्ट्यावर नंबर टाका, वर्षातनं एकदा हरणीचं पासिंग करून आनतो. पन बंदी नगं, राव."

पासिंग म्हटल्यावर सभा खदखदून हसली. चेअरमन म्हणाले, "तात्या, त्यापेक्षा तिला बांधून ठेवा ना. सुटणारच नाही, मग ट्रॅकर कशाला?"

"बांधल्यावर ती भायेर कशी जाईल?"

पुन्हा हशा. बोलून गेल्यावर तात्याही गडबडले आणि खाली बसले. विरोधात माझा एकट्याचा हात होता. त्याच संध्याकाळी तात्यांनी पट्टा काढला.

पुढे दोन दिवसांनी चेअरमन लिफ्टमध्ये मला म्हणाले, "विलासला फोन करून कळवलं बुवा. भला माणूस! म्हणाला, बरं झालं, कटकट गेली. लगेच ती गाडी यादीतून काढून टाकली त्याने." माझा मजला येईपर्यंत मी भिंतीकडे बघत राहिलो. तात्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ते सांगण्याची माझी छाती झाली नाही.

त्या रविवारी मी गाडीत हवा भरायला पुलापलीकडे गेलो होतो. परतताना मोबाइल टॉवरच्या कुंपणापाशी तात्या दिसले. शेजारी हरणी बसलेली, गळा मोकळा. मी थांबलो. तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बंडीच्या खिशातून ट्रॅकर काढून दाखवला.

"नियम कुत्र्याला हाय, भाऊ. मला न्हाई."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांच्या दुसऱ्या हातात फोन होता.

"पुलाच्या ह्या अंगाला आलं की विलासचा फोन येतोच. शिव्या घालतो, पन येतो. येरवी त्याला तरी येळ कुठं?"

आम्ही दोघं फोनकडे बघत उभे राहिलो. ट्रक जात होते, त्यातले काही विलासचेही असतील. हरणी कंटाळून आडवी झाली.

"बघा बरं जरा," तात्यांनी फोन माझ्या हातात दिला, "आवाज बंद पडलाय का."

आवाज पूर्ण होता. रेंजही पूर्ण होती.

"इथं रेंज नाही, तात्या," मी म्हणालो.

तात्यांनी मान वर केली. टॉवर आमच्या डोक्यावरच उभा होता. त्यांनी तो खालपासून वरपर्यंत पाहिला, फोन परत घेतला आणि धोतराला पुसला.

"व्हय," ते म्हणाले, "हितं रेंज नसतीच."

मग त्यांनी गुडघ्यावर हात टेकून हरणीला उठवलं.

"चल हरणे. अजून जरा म्होरं जाऊ. तिकडं लागंल त्याला माग."