सोसायटीची शाल

चतुराबाईच्या हाती लागलेलं कापड आहे त्या रूपात कधी राहत नसे. जुन्या लुगड्याची वाकळ होई, फाटक्या छत्रीची पिशवी होई, पोत्याला झालर लागून त्याचं पायपुसणं होई. दुष्काळाने विहीर आटली, पण हिची सुई काही आटली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी ती शेजारच्या भामाबाईला छातीठोकपणे सांगत होती, "काय भ्यायचं? कच्चा टाका हाय. सांजच्याला उसवलं की कापड व्हतं तसं."

ते कापड म्हणजे गावच्या दूध सोसायटीची शाल होती.

सोसायटीकडे शाल एकच. पाहुणा आला की ती त्याच्या अंगावर घालायची, फोटो काढायचा, आणि मग पाहुण्याने ती घडी घालून खुर्चीवर ठेवून निघायचं. असल्या वर्षात दर खेपेला नवी शाल आणायची कुठून, हे पाहुण्यांनाही समजत असे. चतुराबाईचा नवरा धुळाजी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून शाल तिच्याच पेटीत असायची. दिवाळीपर्यंत कुणी पाहुणा नाही, असं त्यानेच सांगितलं होतं. इकडे चाऱ्यावाचून चांद्या बैलाच्या बरगड्या वर आलेल्या. पोळ्याला त्याला तसा उघडा मारुतीपुढे न्यायला तिचं मन घेईना. गेल्या पोळ्याची मखमली झूल होती खरी, पण तिचं काय झालं हा विषय चतुराबाई निघू देत नसे. मग तिने शालीच्या कडांना बंद लावले, आरसे जडवले, घुंगरं ओवली. चांद्या नवरदेवासारखा दिसायला लागला.

पोळ्याच्या सकाळी धुळाजी धापा टाकत घरी आला. अंगात त्याचं लाडकं मखमली जाकीट होतं. बायकोने परळीच्या बाजारातून आणलं म्हणून तो ते चारचौघांत मिरवत असे.

"चतुरे, शाल काढ. दूध संघाचं चेअरमन यायलेत."

आजच कावून, असं चतुराबाईने विचारलं.

"आज समदं गाव एका जागी सापडतंय ना. दूध कमी पडायलंय, आपलं केंद्र बंद करायचं का ठिवायचं, ते आज ठरवनार हायेत. मानपानात कमी पडलं तर संपलंच मग."

केंद्र बंद म्हणजे गावाच्या चुली बंद. शेतात काही उरलं नव्हतं, जे काही होतं ते दुधावर. सेक्रेटरीच्या बायकोपायी केंद्र बुडालं, असं आता जन्मभर ऐकावं लागणार होतं. तिने शाल घेऊन येते म्हणून नवऱ्याला पुढे घालवलं आणि गोठा गाठला. चांद्याच्या पाठीवरची शाल ओढून ती कात्री घेऊन बसली. तेव्हा तिला आठवलं, की काम रंगात आल्यावर कच्च्याचा पक्का टाका कधी झाला ते तिचं तिलाच कळलं नव्हतं. आरसे निघाले. एक सोडून सगळी घुंगरं निघाली. बंद मात्र निघेनात, ते तिने आत दुमडून टाकले. बैलाचा वास मारावा म्हणून वर अष्टगंध चोळलं. या गडबडीत चांद्याचं दावं नीट बांधायचं राहून गेलं.

मारुतीच्या पारावर सत्कार सुरू झाला. चेअरमन अर्जुनराव म्हणजे कडक माणूस, हसताना कुणी पाहिलेला नाही. धुळाजीने त्यांच्या खांद्यावर शाल टाकली आणि घुंगरू वाजलं. ते खुर्चीत बसले, पुन्हा वाजलं. त्यांनी मागे वळून पाहिलं, तेव्हाही वाजलं. बायकांच्या घोळक्यात चतुराबाईने भामाबाईचा दंड असा आवळला होता, की ती बिचारी कळवळली. एवढ्यातून सोडव, कपिलधारच्या यात्रेला चालत येते, असा नवसही तिने बोलून टाकला.

तेवढ्यात गर्दी फाकली. सैल दावं सोडवून आलेला चांद्या आपल्या झुलीच्या वासावर थेट पारापाशी गेला आणि त्याने अर्जुनरावांच्या खांद्यावर मुस्कट टेकवलं. चतुराबाईने डोळे गच्च मिटून घेतले.

अर्जुनराव उठले. त्यांनी चांद्याच्या उघड्या बरगड्यांवरून सावकाश हात फिरवला. बोलले तेव्हा त्यांचा आवाज कातर झाला होता.

"मुकं जनावर गाऱ्हानं घिऊन आलंय. हे असं हाल बघून केंद्र कसं बंद करू मी? पाऊस पडूस्तोर चालू ऱ्हाईल."

टाळ्या पडल्या. चतुराबाईने डोळे उघडले आणि तिला रडू कोसळलं. पण अर्जुनराव एवढ्यावर थांबले नाहीत. आज मान बैलाचा, असं म्हणून त्यांनी आपल्या अंगावरची शाल चांद्याच्या पाठीवर घातली. झटक्यासरशी दुमडलेले बंद बाहेर लोंबले, अगदी बरोबर पोटाखाली. त्यांनी ते बांधले आणि कौतुकाने म्हणाले, "मापातच बसली की."

धुळाजीने सावकाश मान वळवून बायकोकडे पाहिलं. बायको मारुतीकडे पाहत होती.

आणि चांद्याने धुळाजीकडे मोर्चा वळवला. त्याने जाकीट हुंगलं, ओळख पटली तसा तो धुळाजीच्या पाठीवरची मखमल मनापासून चाटू लागला.

"चतुरे," धुळाजी जागचा न हलता म्हणाला, "गेल्या पोळ्याच्या झुलीचं काय केलं व्हतं तू?"

चतुराबाईने पदर तोंडाला लावला.

"कच्चा टाका हाय," ती म्हणाली. "सांजच्याला उसवून देते."