अप्पांच्या दाढेची मोहीम

वर्तमान ऐसे जे, रविवारी सकाळचे प्रहरी कडक पाव चावता चावता अप्पांचे उजवे दाढेचा बुरूज ढासळला आणि त्याचा चिरा बशीत पडोन खणकन वाजला, तो समोर बसलेल्या लेकीने ऐकला, आणि नुकसान जाहीर झाले. अप्पा म्हणजे प्राणिसंग्रहालयाचे जुने रखवालदार. वाघ-अस्वलांचे चाकरीत हयात गेलेली. वर्षामागे पत्नी वारली, तैपासून एकटे राहत. खालचे मजल्यावर लेक, तिचा अंमल दोन्ही घरांवर.

लेकीने तात्काळ फर्मावले की दंतवैद्य बाईंकडे कूच करावे. अप्पांनी उलट जबाब दिला की रानात वाघास कोणी ब्रश दिला नाही, तरी त्याचे दात लखलखीत.

"वाघ चहात पाव बुडवत नाही, अप्पा."

मग अप्पांनी दरवाजे बंद करोन किल्ला लढवला. लवंगेचा दारूगोळा भरला, मिठाच्या गुळण्यांचे मोर्चे लावले, आणि डावे गालाकडून रसद चालू ठेविली. परंतु गनीम आतून सुरुंग लावीत होता. गाल सुजोन नगाऱ्याएवढा झाला, आणि लेक खासा चालोन आली.

"तुम्हीच सांगायचात ना, रानात दात गेला की जनावर गेलं? मग त्या दात पडलेल्या म्हाताऱ्या लांडग्याला खिमा भरवत होतात ते कशाला?"

"गेलं तर गेलं. वय झालंय माझं."

लेकीने हातातले पातेले खाली ठेविले.

"या घरातलं एक माणूस गेलंय. तेवढं पुरे. चपला घाला."

या सुलतानढव्यापुढे अप्पांचा इलाज चालेना. मग निमूट चपला घातल्या, आणि स्वारी लेकीसह दवाखान्यात दाखल होऊन त्या मागे कलणाऱ्या खुर्चीवर आरूढ झाली. वाघाचे जबड्यात हात घातलेला मर्द, पण खुर्चीचे दांडे घट्ट धरोन बसला. दंतवैद्य बाईंनी आरसा फिरवोन तपास केला की इतकी कीड आली कोठून, गोड काय खाता.

"काही नाही. चहा तेवढा. माझा बिनसाखरेचाच असतो."

"माझा म्हणजे? आणखी कुणाचा असतो?"

अप्पा वरच्या दिव्याकडे पाहत राहिले.

"हिचा. तीन चमचे साखर. हात सवयीनं दोन कप टाकतो. आणि ओतून कसा द्यायचा? म्हणून पितो."

लेक खिडकीबाहेर पाहू लागली. बाईंनी हलक्या हाताने यंत्र सुरू केले.

मोठी झुंज झाली. कीड कापोन काढिली, नस साफ केली, आणि पुढील फेऱ्यांत दाढेवर नवी टोपी चढविली. येणेप्रमाणे फत्ते होऊन दाढ राखिली, आणि अप्पा दोन्ही गालांनी जेवू लागले, हे खरे जाणावे.

सकाळी एकाच कपाचा चहा टाकणे तेवढे अजून जमलेले नाही.